सोलरला जमीन द्यायची आहे? आधी सातबाऱ्यातला 'इतर अधिकार' रकाना वाचा

दादा, सोलरला जमीन द्यायची म्हणून टाकलेली तुमची पोस्ट वाचली. साडेसहा एकर मुरमाड रान, सबस्टेशन तीन किलोमीटरवर, आणि एक 'ओळखीचा' माणूस पन्नास हजारांत सौर कृषी वाहिनी योजनेची (कंपनी आपली जमीन भाड्याने घेऊन सौर प्रकल्प उभा करते, वीज शेतीपंपांना जाते) फाइल करून देतो म्हणतोय. गावाचं नाव बदललं तर ही माझीच गोष्ट आहे.

अर्ज कुठे करायचा, कागद कोणते, हे सगळं पोर्टलवर आहे, ते लिहीत बसत नाही. त्या माणसाला मात्र एक रुपया देऊ नका. तुमची जमीन घ्यायची की नाही, हे त्याच्या हातात नाहीच.

मी आपटलो ते वेगळ्याच ठिकाणी. वडिलांनी विहिरीसाठी कर्ज काढलं होतं आणि ते फेडलंही होतं. पण फेडल्यावर सातबाऱ्यावरचा बोजा कमी करून घ्यायचा असतो, हे ना त्यांच्या लक्षात राहिलं ना माझ्या. 'इतर अधिकार'मध्ये साठ हजारांचा बोजा तसाच. तो सातबारा मी वर्षानुवर्षं पीकविम्याला जोडत आलो, पण त्या रकान्याकडे कधी नीट बघितलं नाही. कंपनीचा माणूस जागा बघून खूश झाला. सपाट, झाडाची सावली नाही, बांधावरून सबस्टेशनचे खांब दिसतात. त्यांच्या वकिलाने सातबारा उघडला आणि म्हणाला, "बोजा उतरवून आणा, मग भाडेपट्टा नोंदवू."

त्यासाठी आधी कर्ज देणाऱ्या संस्थेचा नादेय दाखला, म्हणजे काही बाकी नाही असं लेखी, लागतो. मग तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) अर्ज, फेरफार, नोटिशीचे पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्याची सही. तलाठ्याकडचं हे सगळं महिन्याभरात झालं, उगाच कुणाला बदनाम करत नाही. अडकलं ते दाखल्यापाशी. संस्थेचं नाव घेत नाही. पैसे भरल्याची पावती माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत सापडली, पण तिचा एक कोपरा उंदराने खाल्लेला, आणि पावती नंबर नेमका त्याच कोपऱ्यात. रक्कम दिसतेय, तारीख दिसतेय, शिक्का दिसतोय. खिडकीतले साहेब म्हणाले, "नंबराशिवाय रजिस्टरात शोधू कुठं?" अहो, तारीख आहे ना समोर! सात हेलपाटे, पाच महिने. शेवटी त्यांची बदली झाली आणि नव्या बाईंनी तारखेवरून चहा यायच्या आत नोंद काढून दिली.

तोवर आमचं सबस्टेशन भरलं होतं. ही गोष्ट कुणी समजावून सांगत नाही. इथली सौरवीज ३३/११ केव्ही उपकेंद्रात (म्हणजे सबस्टेशनात) जाते आणि तिथून शेतीच्या ११ केव्ही फीडरवर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाइनवर. उपकेंद्राची क्षमता आणि त्यावरचा शेतीचा लोड, याच्या पलीकडे तिथे प्रकल्प बसत नाही. मेगावॅटला साधारण चार-पाच एकर लागतात. शेजारच्या गावातल्या एकाचे कागद आधी तयार झाले आणि प्रकल्प तिकडे गेला. खासगी जमिनीला उपकेंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत असण्याची अट आहे खरी, पण ती नुसती पात्रता. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: आमच्या उपकेंद्रावर अजून किती मेगावॅट शिल्लक आहेत? आणि उत्तर लेखी मागा.

भाड्याबद्दल. २०२३ मध्ये आलेल्या याच योजनेच्या २.० मध्ये हेक्टरी वर्षाला सव्वा लाख किंवा सरकारी मूल्यांकनाच्या ६ टक्के, यातलं जे जास्त ते. म्हणजे एकरी निदान पन्नास हजार. वाढ वर्षाला ३ टक्के, पण सरळ, चक्रवाढ नाही. पंचविसाव्या वर्षी सव्वा लाखाचे दोन लाख पंधरा हजार होतील. तेव्हा तूरडाळ काय भावाने असेल ते तुम्हीच बघा. मुरमाड रान बिनधास्त द्या, पाण्याखालचं गुंठाभरही देऊ नका. हे माझं मत आहे. मी वकील नाही, आणि अटी बदलतात, तेव्हा शासन निर्णय स्वतः वाचा.

योजनेवर माझा राग नाही. शेतीपंपाचा लोड दिवसा सरकवता येतो, घरातले संध्याकाळचे दिवे नाही सरकवता येत. म्हणून सौरवीज आधी शेतीच्या फीडरला देणं शहाणपणाचंच. राळेगण सिद्धीला हे आधी करूनही पाहिलं होतं. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही वेगळी योजना आहे, सर्वसाधारण गटाने १० टक्के हिस्सा भरायची. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि एजंटांचं फावतं.

आमचा फीडर त्या शेजारच्या प्रकल्पावर आलाय. गेल्या रब्बीत हरभऱ्याला दिवसा पाणी दिलं. त्याआधी पौषात रात्री दोनला बॅटरी घेऊन, बिबट्याच्या भीतीने खोकत खोकत मोटर चालू करायला जायचो. भाडं त्याला, वीज मला.

तुमच्या 'इतर अधिकार'मध्ये काय लिहिलंय ते इथे टाका, बघून सांगतो. फोटो टाकलात तर नावं आणि खाते नंबर झाका.