पुणे शहर आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांची ट्रेनिंग सेंटर वेगवेगळी असतात का?

नाही. पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय २०१८ मध्ये वेगळं झालं, तरी भरतीनंतरचं मूळ प्रशिक्षण दोघांचंही राज्याच्याच केंद्रांत होतं. भरती घटकानुसार (आयुक्तालय किंवा जिल्ह्यानुसार) होते, म्हणजे जागा, मैदानी चाचणी, मेरिट लिस्ट प्रत्येक आयुक्तालयाची स्वतंत्र. प्रशिक्षण मात्र महासंचालक कार्यालयाच्या ‘प्रशिक्षण व खास पथके’ विभागाकडे असतं आणि केंद्रातल्या जागा तिथून वाटल्या जातात. त्यामुळे पुण्याचा शिपाई जवळच्या खंडाळ्याच्या प्रशिक्षण केंद्रातच जाईल असं धरून चालू नका. सोलापूर, तुरची (तासगाव), जालना, अकोला, कुठेही पाठवतात. तिथे एकाच बॅरेकमध्ये चार जिल्ह्यांची पोरं असतात. बक्कल नंबर (शिपायाचा ओळख क्रमांक) आपापल्या घटकाचा, पण पहाटेची पीटी आणि कायद्याचा तास सगळ्यांना एकच. फौजदारांची अकादमी नाशिकला. गंमत म्हणजे ती संस्था १९०६ मध्ये पुण्यातच, भांबुर्ड्याला (आजच्या शिवाजीनगरला) सुरू झाली होती, १९०९ मध्ये नाशिकला हलवली. हे सगळं मूळ प्रशिक्षणापुरतंच हं. नोकरीत आल्यावरची उजळणी, कवायत, छोटे कोर्स आपापल्या मुख्यालयातही होतात. पुणे शहराचं मुख्यालय शिवाजीनगरला.