घाटात चालायला लाजू नका, उत्साह आपोआप टिकेल

तुम्ही विचारलंय की सातारा हिल हाफ मॅरेथॉनला नाव नोंदवलं, पहिला महिना झपाट्यात गेला आणि आता गजर बंद करून पुन्हा झोपता, तर मोटिव्हेशन कसं टिकवायचं. गजर लांब ठेवा, सोबत शोधा, हे तुम्हाला माहीत असणारच. मला विचाराल तर तुमचा उत्साह गेलेला नाही, पाय थकलेत. रोज जीव तोडून पळत असणार तुम्ही.

इतक्या ठामपणे सांगते, कारण याच मुद्द्यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे. माझे थोरले दीर कॉलेजात क्रॉस कंट्री पळायचे. मी चाळिशीनंतर पळायला लागले तेव्हा पहिले बूट त्यांनीच घेऊन दिले. पण जुलैत ते माझ्यासोबत यवतेश्वरच्या घाटात आले, आणि चढावर मी पळायचं सोडून चालायला लागले, तर ग्रुपमधल्या सगळ्यांसमोर म्हणाले, "चालायचंच होतं तर एवढ्या पहाटे कशाला उठलीस? राजवाड्यावर भाजीला चालत जातेसच की."

मला ते फार लागलं. धुकं इतकं की पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती, अंगावर पाऊस, आणि मागून हे वाक्य. मी उलट बोलले नाही. एक वळण पळायचं, एक वळण चालायचं, असं करत वर गेले. भाऊजी माझ्या खूप आधी पोचले, हे खरंच. पण पुढचा आठवडाभर ते पोटऱ्या चोळत बसले होते आणि मी मंगळवारी पुन्हा रस्त्यावर होते. त्यांचा सराव त्या पावसाळ्यात तिथंच थांबला. मी शर्यत पूर्ण केली.

तरी त्यांचं पालुपद तेच, "ललिता बाबर चालली असती का?" अहो, माणदेशातल्या मोहीची ती पोरगी, तिचा मला त्यांच्याइतकाच अभिमान आहे. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये तिनं ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. पण ती शर्यत दहा मिनिटांच्या आत संपते. मला २१ किलोमीटर घाट चढून उतरायला तीन तासांच्या आसपास लागतात, त्याआधी बँकेची नोकरी आणि घर सांभाळून कित्येक आठवडे सराव करायचा असतो. तिचं नाव घेऊन माझ्यासारखीला लाजवण्यात काय अर्थ आहे?

चढावर सपाटीचाच वेग धरला की नाडी भराभर वाढते आणि सोप्या सरावाचा दिवस अवघड होऊन बसतो. सगळेच दिवस अवघड झाले की शरीर पहाटे उठायला नाही म्हणतं, आणि आपण त्याला आळस म्हणतो. आठवड्यातले बहुतेक दिवस शेजारच्याशी गप्पा मारता येतील एवढ्याच वेगानं पळा. एखादाच दिवस जोर लावा. उताराचाही सराव करा, कारण परतीच्या उतारानं मांड्या भरून येतात. सवय नसेल तर दोन दिवस जिना उतरवत नाही.

आणि बूट! साताऱ्याच्या पावसात ते वाळत नाहीत. आल्या आल्या पेपरचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. पहाटे ओल्या बुटात पाय घालायची वेळ आली की चांगल्या चांगल्यांचं मन बदलतं.

आता हेही सांगायला हवं की तुम्हाला नंबर काढायचा असेल तर माझा सल्ला तुमच्या उपयोगाचा नाही. शर्यत संपवायला ठरावीक वेळ असते, ती आधी बघून घ्या आणि त्या हिशेबानं चाला. गुडघ्यात एकाच जागी सारखं दुखत असेल किंवा छातीत भरून येत असेल तर पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा. बीपी-शुगरवाल्यांनी त्यांना विचारूनच सुरुवात करावी.

बाकी या रविवारी घड्याळ घरी ठेवून घाटात जा आणि दम लागायच्या आधीच चालायला लागा. बरोबरचं कुणी काही बोललं तर त्यांना पुढं जाऊ द्या, आणि मंगळवारी ते रस्त्यावर दिसतात का बघा.