कुरव तोच की दुसरा?

प्रश्न : डिसेंबरच्या मध्यास पुण्याच्या पाषाण तलावावर ‘तपकिरी डोक्याचा कुरव’ या जातीचा एक पक्षी दिसला (कुरव म्हणजे इंग्रजीतला ‘गल’, एक पाणपक्षी). त्याच्या डाव्या पंखाच्या टोकाकडचे एक पीस अर्धवट तुटलेले होते. फेब्रुवारीच्या अखेरीस तिथेच पुन्हा एक कुरव आढळला. त्याचेही डाव्या पंखाचे पीस तुटलेले आहे, पण डोक्यावर तपकिरी रंग बराच पसरला आहे. डोके वेगळे म्हणजे पक्षी वेगळा, असे सोबतच्या मंडळींचे म्हणणे आहे. छायाचित्रांवरून याचा निर्णय करता येईल का?
— एक वाचक, बाणेर

उत्तर : करता येईल, पण डोक्यावरून नव्हे. भिगवणला उजनीच्या पाण्यावर कुरवांचे थवेच्या थवे उतरतात, तेथे एकाच पक्ष्याचा माग ठेवणे जवळपास अशक्य असते. शहरातल्या तलावावर एखाददुसराच कुरव येत असल्यामुळे आपला प्रश्न सुटण्याजोगा आहे.

आधी जातीची खात्री करावी. प्रौढ तपकिरी डोक्याच्या कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखांच्या काळ्या टोकांत ठळक पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो व पंखाच्या पुढच्या कडेला पांढरा पट्टा दिसतो. पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांचा डोळा मात्र दोन्ही जातींत गडदच असतो, आणि त्यांच्या शेपटीच्या टोकाशी काळी पट्टी असते.

आता मुख्य मुद्दा. हे कुरव लडाख आणि तिबेटच्या उंचावरील सरोवरांकाठी वीण करतात, वीण संपल्यावर सगळी पिसे बदलतात आणि मग आपल्याकडे येतात. हिवाळा सरता सरता त्यांची पुन्हा पीसझड होते, पण ती डोक्याची व अंगाची. पंखांची मोठी उड्डाणपिसे तीच राहतात. त्यामुळे डिसेंबरात डोळ्यामागे केवळ एक गडद डाग असलेल्या पक्ष्याचे डोके फेब्रुवारीअखेर तपकिरी होऊ लागणे अगदी स्वाभाविक आहे, आणि त्यावरून पक्षी दोन आहेत असे मुळीच सिद्ध होत नाही. चोचीच्या व पायांच्या लाल रंगाची छटाही ऋतूप्रमाणे बदलते, शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात ती फसवी दिसते.

तुटलेल्या पिसाची साक्ष याहून पुष्कळ भक्कम आहे. पूर्ण वाढलेले पीस निर्जीव असते, ते तुटले तर सांधले जात नाही. पुढच्या पीसझडीआधी मुळासकट उपटले गेले तरच त्या जागी नवे उगवते. म्हणून तुटकेपणाचा विचार काळाची दिशा पाहून करावा लागतो. डिसेंबरात अखंड असलेले पीस फेब्रुवारीत तुटलेले दिसले, तर पक्षी तोच असू शकतो. डिसेंबरात तुटलेले पीस फेब्रुवारीत अर्धेमुर्धे का होईना, पण आहे त्याहून लांब व धड दिसले, तर बहुधा दुसराच पक्षी समोर आहे. हिवाळ्याच्या अगदी सुरुवातीला काही पक्ष्यांची टोकाची पिसे अजून वाढत असतात, ती आखूड दिसली म्हणून तुटकी समजू नयेत. तुटलेल्या पिसाची कड ओबडधोबड असते, वाढत्या पिसाची गोलसर व ताजी.

आपल्या बाबतीत ‘डावा पंख’ एवढे जुळणे पुरेसे नाही. सर्वांत बाहेरच्या पिसापासून आत मोजत जावे आणि दोन्ही छायाचित्रांत कितवे पीस तुटले आहे, कोठे तुटले आहे व कड कशी आहे, हे ताडून पाहावे. पिसाचा पांढरा भाग काळ्या भागापेक्षा लवकर झिजतो, कारण काळे रंगद्रव्य पिसाला बळकटी देते. तेव्हा फेब्रुवारीपर्यंत पांढऱ्या कडा थोड्या विरलेल्या दिसल्या, तर तो फरक धरू नये. याच्या जोडीला काळ्या टोकांतल्या पांढऱ्या ठिपक्यांचा आकार दोन्ही पंखांवर तपासावा. तो पक्ष्यापक्ष्यागणिक थोडा निराळा असतो आणि पुढच्या पीसझडीपर्यंत बदलत नाही.

यासाठी बसलेल्या पक्ष्याचे सुंदर छायाचित्र फारसे उपयोगी नाही. पक्षी उडताना किंवा आळस देताना पूर्ण उघडलेला पंख वरून व खालून टिपावा, आणि दोन्ही पायही नीट पाहावेत. पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेली रिंग असेल, तर त्यावरचे आकडे व अक्षरे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला अवश्य कळवावीत. मग पिसे मोजण्याची गरजच उरत नाही.

पीस व ठिपके दोन्ही जुळले, तर ‘तोच पक्षी’ अशी नोंद निःशंकपणे करावी. एकच जुळले आणि दुसरे छायाचित्रात दिसतच नसेल, तर दोन्ही दिवसांच्या नोंदी स्वतंत्र ठेवून मूळ छायाचित्रे न कापता जपावीत.