नावाने हाक मारली तरी वळून पाहत नाही

‘आमचा मुलगा २ वर्षे ४ महिन्यांचा आहे. दीड वर्षाचा असताना तो ‘आबा’, ‘पाणी’, ‘माऊ’ असे म्हणायचा. आता तेही शब्द बंद झाले आहेत. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण बिस्किटाचा पुडा वाजला की आतल्या खोलीतून धावत येतो. तीनचाकी सायकल उलटी करून तासन्‌तास चाक फिरवत बसतो. सासूबाई म्हणतात, ‘तेना बाप बी उशिराच बोलना व्हता.’ यांचे म्हणणे, शाळेत टाकला की बोलेल. घरात अहिराणी आणि मराठी दोन्ही चालतात, त्यामुळे तो गोंधळला असेल का? की कामाच्या वेळी मीच हातात मोबाईल दिला म्हणून असे झाले? हा ऑटिझम असेल का?’
– एक आई, अमळनेर तालुका

प्रिय ताई,

पत्रावरून निदान करता येत नाही आणि तसे कोणी करून दिले तर त्यावर विसंबूही नका. मात्र तुमच्या पत्रातील एक गोष्ट अशी आहे की जिच्यामुळे ‘अजून थोडे थांबून पाहू’ हा सल्ला मी तुम्हाला देणार नाही. बाळाला येत असलेले शब्द गेले आहेत. सासूबाईंचा अनुभव खोटा नाही, काही मुले खरोखरच उशिरा बोलतात आणि पुढे इतरांच्या बरोबरीला येतात. परंतु आलेली भाषा मागे जाणे हे कोणत्याही वयात तातडीने तपासून घ्यावे असे लक्षण आहे.

नुसते उशिरा बोलणारे मूल शब्दांवाचूनही पुष्कळ बोलत असते. पोळ्याला दारावरून झूल घातलेली बैलजोडी जाऊ लागली की दीड वर्षाचे पोर बोट दाखवते आणि लगेच मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहते, कारण आपण पाहिले ते आईनेही पाहावे असे त्याला वाटत असते. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांमध्ये नेमकी हीच देवाणघेवाण कमी दिसते. असे मूल पाणी हवे असल्यास आईचे मनगट धरून तिला माठापर्यंत ओढत नेईल, तिचा हात पेल्यावर ठेवेल, पण त्या वेळी तिच्या डोळ्यांत पाहणार नाही. तुमचे बाळ यातले काय करते, हे पुढचे काही दिवस बारकाईने पाहा. खोटा चहा पिण्यासारखा लटका खेळ खेळते का, कानबाईच्या मिरवणुकीतल्या वाजंत्रीने इतर मुलांपेक्षा फारच बिथरते का, ठरावीक दोन-तीन पदार्थांखेरीज काही तोंडात घेत नाही का, हेही टिपून ठेवा. नुसते चाक फिरवणे पुष्कळ मुले करतात, त्यावरून काहीच ठरत नाही. उलट ‘तो तर मिठी मारतो, हसतो, मग कसला ऑटिझम’ असे कोणी म्हणाले तर तेही मनावर घेऊ नका. ऑटिझम असलेली मुलेही माया करतात.

पुडा वाजल्यावर तो धावत येतो, म्हणून कान चांगले आहेत असे गृहीत धरू नये. काही मुलांना ठरावीक पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि बोलणे मात्र नीट ऐकू येत नाही. त्यामुळे कानांची तपासणी आधी करून घ्या. मूल झोपेत असताना होणारी ‘बेरा’ ही चाचणी दुखत नाही.

आता तुमच्या मनातल्या अपराधीपणाविषयी. ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला फरक आहे आणि त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. मागच्या शतकाच्या मध्यात काही मानसतज्ज्ञ आईच्या कोरडेपणाला दोष देत असत, तो समज केव्हाच मोडीत निघाला; आपल्याकडे मात्र सुनेला बोल लावण्यासाठी तो अजून कामी येतो. मोबाईलमुळे तुमच्या मुलाला ऑटिझम झाला, असे म्हणता येणार नाही. तरीही तो बाजूला ठेवा, कारण पडद्यापुढचा वेळ माणसांशी होणाऱ्या बोलण्यातून वजा होतो. दोन भाषांमुळेही ऑटिझम होत नाही. सासूबाईंना त्यांच्या अहिराणीतच नातवाशी बोलू द्या, त्याला मायेने बोलणारे माणूस कमी करू नका.

प्रथम बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि विकासाची तपासणी करायची आहे असे स्पष्ट सांगा, नाहीतर वजन पाहून टॉनिक लिहून मिळण्याची शक्यता असते. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी ‘एम-चॅट’ नावाची २० प्रश्नांची चाळणी आहे, तुमचा मुलगा त्या वयात बसतो. तिच्यातून निदान होत नाही, पुढची तपासणी हवी का एवढेच कळते. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत येतात. सेविकाताईंकडे त्यांची चौकशी करा आणि जळगावच्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी तपासणाऱ्या सरकारी केंद्रासाठी, चिठ्ठी मागा. तेथील तपासणी आणि उपचार मोफत असतात.

जाताना मुलाच्या वडिलांना सोबत न्या. घरात तुम्ही वीस वेळा सांगून जे पटत नाही, ते डॉक्टरांनी एकदा सांगितल्यावर पटण्याचा संभव अधिक. बाळ खेळत असताना आणि हाक मारल्यावर काय करते, याचे एक-दोन मिनिटांचे व्हिडिओ मोबाईलवर काढून ठेवा, तो शब्द बोलत होता तेव्हाचे जुने असतील तर तेही दाखवा. दवाखान्यात मूल बहुधा रडते, मग दिसायचे ते दिसत नाही. तज्ज्ञांची तारीख लांबची मिळाली तर वाणी-उपचार लगेच सुरू करता येतील का, हे तिथेच विचारून घ्या, त्यासाठी निदानाचा कागद हाती येईपर्यंत थांबावे लागत नाही.