कांद्याचं धोरण बदललं की पहिला फोन कुणाला?

प्रश्न : ताई, निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी व्यवस्थापक आहे. तीनशेच्या वर सभासद आहेत, माल मुख्यतः कांदा. तो दुबईला आणि मलेशियाला जातो. दिल्लीत काही ठरलं की तासाभरात खरेदीदार, बँक, सभासद असे सगळ्यांचेच फोन सुरू होतात. संचालक म्हणतात, 'चित्र स्पष्ट होईपर्यंत सभासदांना काही बोलू नका.' एक सॉफ्टवेअरवाला दीड लाखाची प्रणाली दाखवून गेलाय. घ्यावी का? आणि बोलावं की गप्प बसावं?
– एक व्यवस्थापक

उत्तर : गप्प बसण्याचा प्रयोग मी करून पाहिलाय, म्हणून आधी तोच सांगते. 2010 साली युरोपने आपली द्राक्षं अडवली. क्लोरमेक्वाट, म्हणजे वेलीची वाढ रोखणारं, आपले बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते रसायन, त्याचे अंश मालात सापडले होते. मी तेव्हा पॅकहाऊस सांभाळत होते. आमच्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं, त्यामुळे आमचे अहवाल स्वच्छ होते आणि माल मात्र तिकडे अडकलेला. वरून आदेश आला, चार दिवस तोंड उघडू नका. मी उघडलं नाही. चौथ्या दिवशी एक म्हातारे बागायतदार आले. भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, 'पोरी, मला पेपरातून कळलं.' पुढच्या हंगामात त्यांचा माल आमच्याकडे आला नाही.

म्हणून सांगते, त्याच दिवशी बोला. पूर्ण चित्र हाती नसलं तरी बोला. ग्रुपवर लेखी निरोप टाकण्याऐवजी तुमच्या आवाजात मिनिटभराचा निरोप पाठवा, कारण लेखी निरोप कापून पुढे ढकलला जातो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा अर्थच बदलतो. निरोप साधारण असा असावा : 'आज बंदी आली. आपले तीन कंटेनर बंदरावर आहेत, ते जातील की नाही ते सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारलंय. नवीन खरेदी आजपासून थांबवली. उद्या संध्याकाळी सहाला पुन्हा सांगतो.' आणि सहाला सांगायचंच, नवीन काही कळलं नसेल तर 'अजून कळलेलं नाही' एवढं सांगायचं. पुढच्या भावाचा अंदाज मात्र कितीही खोदून विचारलं तरी द्यायचा नाही. तो चुकला की तुमच्या नावावर जमा होतो.

आता सॉफ्टवेअर. सध्या नको. एक्सेलचा एक तक्ता पुरतो, पण तो रोज भरलेला हवा : कंटेनर कुठे आहे, शिपिंग बिल (निर्यातीसाठी कस्टम्सकडे भरायचा कागद) कधी भरलं, कस्टम्सकडे नोंद झाली का, खरेदीदाराची उचल किती आली, आत कुणाकुणाचा कांदा आहे. हे शेवटचं लोक विसरतात. 8 डिसेंबर 2023 ला निर्यातबंदी आली तेव्हाचं आठवा. ज्या मालाची भराई आधीच सुरू झाली होती, किंवा ज्याचं शिपिंग बिल भरून जहाज बंदरात आलेलं होतं, किंवा जो माल कस्टम्सच्या ताब्यात देऊन त्यांच्याकडे नोंदला गेला होता, त्याला 5 जानेवारीपर्यंत सूट होती. म्हणजे सगळा खेळ तारखांचा. माझ्या ओळखीच्या एका व्यवस्थापकाने अर्ध्या तासात सांगितलं, आपले दोन कंटेनर जातात, तीन परत आणा. दुसऱ्या एकाने दोन दिवस पावत्या शोधण्यात घालवले. दिवसही डिसेंबरचे, माल लाल कांदा. उन्हाळ कांद्यासारखा तो कांदाचाळीत टाकून महिनोन्महिने वाट बघता येत नाही.

दुबईवाल्याला सहानुभूती नको असते. किती कंटेनर येणार नाहीत, हे आजच्या आज कळलं तर तो पाकिस्तान नाहीतर इजिप्तकडून सोय करतो, आणि तुमच्याशी संबंध टिकवतो. उशिरा कळवलंत तर तोच माणूस पुढच्या वेळी उचल देत नाही. बँकेचंही तसंच : हप्त्याच्या आधी जा, हातात साठ्याचा आकडा घेऊन जा.

खरेदीदाराशी असलेल्या करारात एक दुरुस्ती शांततेच्या दिवसांतच करून ठेवा. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यातदर (त्याखाली माल विकता येत नाही), डिसेंबरात बंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली ती 550 डॉलर किमान दर आणि 40 टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबरात किमान दर गेला, शुल्क 20 वर आलं, आणि 1 एप्रिल 2025 ला तेही गेलं. पावणेदोन वर्षांत इतके फेरे! तरी अजून कित्येक करारांत सौदा झाल्यावर वाढलेलं शुल्क कुणी भरायचं, हे लिहिलेलं नसतं. ते लिहून घ्या. खरेदीदार कुरकुर करील, निम्मं-निम्मं म्हणेल. निम्मं तर निम्मं.

संचालकांचं काय? त्यांना घाबरून बोलू नका, पण त्यांना वगळूनही बोलू नका. सभासदांना जाणारा निरोप अर्धा तास आधी त्यांना ऐकवा. परवानगी मागू नका, 'सहाला हे पाठवतोय' एवढंच म्हणा. तरीही 'थांबा' म्हणाले, तर तो निर्णय इतिवृत्तात लिहून मागा. माझ्या अनुभवात, लिहायची वेळ आली की बहुतेक जण म्हणतात, 'पाठवा, पाठवा.'