रोझेशियावर झिंक किंवा ओमेगा-३ च्या गोळ्या घेऊन पाहाव्यात का?

रोझेशियात, म्हणजे चेहरा लाल होण्याच्या त्वचेच्या जुनाट आजारात, पोटातून घ्यायच्या पूरक गोळ्यांपैकी नीट तपासली गेली ती मुख्यतः झिंकचीच, आणि तिथेही निकाल परस्परविरोधी आहेत. 2006 मधल्या एका छोट्या चाचणीत झिंक सल्फेट 100 मिग्रॅ दिवसातून तीनदा दिल्यावर फरक दिसला. 2012 मध्ये 220 मिग्रॅ दिवसातून दोनदा, 90 दिवस दिलं, तर खोट्या गोळीपेक्षा काहीच जास्त फायदा झाला नाही. म्हणून मी झिंकवर भरवसा ठेवणार नाही. शिवाय जास्त झिंक महिनोनमहिने घेतलं की शरीरातलं तांबं कमी होतं, आणि डॉक्सिसायक्लिन (रोझेशियात दिलं जाणारं एक प्रतिजैविक) चालू असेल तर तेही नीट शोषलं जात नाही.

ओमेगा-३ चा विचार रोझेशियामुळे डोळे कोरडे पडत असतील, चुरचुरत असतील तर करा. चेहऱ्याच्या लालीसाठी त्याचा पुरावा तोकडा आहे.

नायसिन (ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) मात्र घेऊच नका! त्याने चेहरा आणखी लाल होतो. मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवरही ते आहे का बघा.

तरीही करून पाहायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून एका वेळी एकच गोळी, निदान 12 आठवडे. क्रीम, औषधं मध्येच बदलू नका. दर आठवड्याला त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढा. हा आजार आपोआप कमी-जास्त होतो, आणि आपण गोळी सुरू करतो ती नेमकी त्रास शिगेला असताना. मग ओसरल्याचं श्रेय गोळीला जातं.