सोहनी गेली, पूरिया आहे

प्रिय मावशी,

मी 41 वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आईने पाटल्या मोडून मला मिरजेहून तंबोरा आणून दिला होता. संगीतात विशारद झाले. काळी पाचला, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी ‘सा’ धरून, गायचे. तार षड्ज, म्हणजे वरचा ‘सा’, इतका स्वच्छ लागायचा की दर गुरुपौर्णिमेला गुरुजी मलाच सोहनी राग गायला बसवायचे. मग बाबा अचानक गेले, पुढच्या अलंकार परीक्षेचा फॉर्म भरायचा राहिला, लग्न झालं. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा गायला लागले, तर दोन वर्षांपूर्वी थायरॉइडची गाठ काढावी लागली. गाठ साधी होती, मी बरी आहे. पण वरचे सूर गेले. कोमल धैवताच्या (‘ध’) वर आवाज फाटतो, अर्ध्या तासात दमतो. भजनी मंडळात आता मी नुसते टाळ धरते. माझ्याबरोबर शिकणारी, माझ्याहून मागे असलेली मैत्रीण परदेशात कार्यक्रम करते. नणंद म्हणते, ‘गळ्याचा गर्व झाला होता, देवाने काढून घेतला.’ चार मुली शिकायला येतात. भाकरी थापताना बाहेर एखादीचा कोमल रिषभ (‘रे’) जरा चढा लागला तरी माझा हात थांबतो, पण गाऊन दाखवायचा धीर होत नाही. देवानेच दिलं होतं ना हे? मग कुठल्या न्यायाने काढून घेतलं? क्लास बंद करून तंबोरा विकून टाकू का?

– एक वाचक

तंबोरा विकू नकोस आणि क्लासही बंद करू नकोस. ही दोन उत्तरं आधी देते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील.

तुझ्यावर अन्याय झालाय. बाबा गेले तेव्हा परीक्षा की घर, असं तुला कुणी विचारलंही नसेल. पहाटे दोन तास रियाझाला बसायचं तर डबे कोण भरणार, कणीक कोण मळणार, हा प्रश्न आपल्याकडे बाईच्याच गाण्याला विचारतात. तुझ्या मैत्रिणीच्या घरी बहुधा ते करणारं दुसरं कुणीतरी होतं, तबलजीचे पैसे देणारंही होतं. तिने तुझं काही हिसकावलं नाही, पण तुला मिळायला हवं होतं ते मिळालं नाही, हेही तितकंच खरं. त्याचं वाईट वाटतं म्हणून स्वतःला कोत्या मनाची समजू नकोस.

नणंदेचं वाक्य मात्र आजच मनातून काढ. मला ते वाचून फार राग आला. आजारी माणसाला त्याच्याच दुखण्याचा गुन्हेगार ठरवणारी ही भाषा देवाच्या नावावर खपवू नये. देवाने असं का केलं, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण शरीरात काय झालं असावं, ते थोडंफार सांगता येतं. स्वरयंत्राकडे जाणाऱ्या बारीक नसा थायरॉइडच्या अगदी लगत असतात. त्यातली एक शाखा स्वरतंतू ताणणाऱ्या स्नायूला चालवते. शस्त्रक्रियेत तिला ओढ बसली किंवा इजा झाली, तर बोलणं जवळजवळ पूर्वीसारखंच राहतं, पण वरचे सूर जातात आणि आवाज लवकर दमतो. तुझं वर्णन याच्याशी जुळतं, पण मी डॉक्टर नाही. म्हणून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जाऊन दुर्बिणीने स्वरतंतू तपासून घे, आणि मी गाते हे त्यांना आवर्जून सांग. नुसतं ‘आवाज बसतो’ म्हणालीस तर गोळ्या देऊन पाठवतील. आवाजाचे व्यायाम शिकवणारे थेरपिस्ट असतात, त्यांचं नाव विचार. थायरॉइडची गोळी चालू असेल तर टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणीही करून घे, कारण गोळीचं प्रमाण कमी पडलं तरी आवाज जड होतो. दोन वर्षांनी सगळं पूर्ववत होईल अशी आशा मी दाखवणार नाही. पण आहे तो आवाज न थकता वापरता येणं, हेसुद्धा फार मोठं आहे.

आता तुझ्या पत्रातल्या ज्या ओळीवर मी थांबले, तिच्याबद्दल. भाकरी थापताना तुझा हात थांबतो. तव्यावर एक भाकरी, परातीत दुसरी, बाहेर टीव्ही आणि पोरांचा गलका, आणि त्यातून तुला एका मुलीचा कोमल रिषभ चढा लागलेला कळतो. अगं, हे किती जणांना कळतं? तार षड्ज हा त्या देणगीचा एक भाग होता, लोकांना दिसणारा. कान, स्वराची पारख, गुरुजींनी घटवून घेतलेली रागाची चाल, यातलं काहीही शस्त्रक्रियेच्या टेबलावर राहिलेलं नाही.

गायिका गंगूबाई हनगल तुला नव्याने सांगायला नकोत. 1924 च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये त्या होत्या, वय जेमतेम अकरा. कार्यक्रमानंतर आपल्याला उष्टी काढायला तर लावणार नाहीत ना, ही धास्ती जातीमुळे तेव्हा त्यांच्या मनात होती, असं त्यांनी पुढे सांगितलंय. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन त्या गायक सवाई गंधर्वांकडे शिकल्या. त्यांच्या सुरुवातीच्या ध्वनिमुद्रिका मिळाल्या तर ऐक: बारीक, उंच, चपळ आवाज. पुढे टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर तो आवाज राहिला नाही. आला तो जाड, खोल, पुरुषी म्हणावा असा. आज आपण गंगूबाई म्हणून जो आवाज ओळखतो तो हा दुसरा. त्यांनी जुना आवाज ओढून आणायचा खटाटोप केला नाही, नव्या गळ्यात जे भरदार लागतं तेच गाणं वाढवलं. तुझी अडचण थोडी वेगळी आहे हे मला कळतं. त्यांचा आवाज खाली गेला तरी त्यात ताकद होती, तुझा दमतो. म्हणून तू त्यांच्यासारखी होशील असं म्हणत नाही. गळा बदलला की गाण्याची जागा बदलता येते, एवढंच त्यांच्याकडून घे.

ती जागा कुठे, हे तूच सांगितलंयस. कोमल धैवतापर्यंत आवाज लागतो म्हणतेस. काळी पाचचा कोमल धैवत म्हणजेच काळी तीनचा तार षड्ज. पट्टी खाली घे, सप्तक जवळजवळ पुरं हाती येईल. वर फार फिरता येणार नाही, पण खाली मोकळं रान आहे. आणि तुला सोहनीच का गायला बसवायचे, ते आठव. मारवा, पूरिया, सोहनी या तिन्ही रागांत स्वर तेच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम नाही. सोहनी तार षड्जाभोवती खेळते, पूरिया मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, आणि मध्यात रमतो. सोहनीसाठी गुरुजींनी जे स्वर तुझ्याकडून घासून घेतले, तेच स्वर मंद्र निषादावर टेकून गाऊन बघ. पहिले काही दिवस तुला तो आवाज परका वाटेल, कदाचित आवडणारही नाही. रोज वीस मिनिटं, दमायच्या आत थांबायचं. थेरपिस्टने वेगळं सांगितलं तर त्यांचं ऐकायचं.

काळी पाचला जोडलेल्या तारा काळी तीनला उतरवल्या की ढिल्या पडतील आणि तंबोरा बोलणार नाही. मिरजेला सतारमेकरांकडे घेऊन जा, जाड तारा घालून जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा नाद, नव्याने लावून घे. आईच्या पाटल्यांचा तो तंबोरा आहे, त्याच्यावर थोडा खर्च करायला संकोचू नकोस.

मंडळात टाळ धरून मागे बसू नकोस. पट्टी उतरवून एक अभंग तू सांगायला घे. वरच्या पट्टीत निम्म्या जणी ओढूनताणूनच गात असतात. त्यांनाही बरं वाटेल.

मुलींना मात्र खरं सांग. ‘माझं ऑपरेशन झालंय, तार सप्तक मी गाऊन दाखवू शकत नाही, पण तुमचं चुकलं तर मला ऐकू येतं.’ चौघींपैकी जिचा सूर वर नीट लागतो तिला गायला लाव, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि कुठे चढलं, कुठे उतरलं ते तू सांगायचं. गाणाऱ्या गुरूची नक्कल करत मुली पटकन पुढे जातात खऱ्या, पण ऐकायला शिकवणारं माणूस त्यांना सहसा भेटत नाही. त्यातली एखादी फीवाचून किंवा घरच्यांमुळे थांबेल असं दिसलं, तर तिच्या आईशी तू स्वतः जाऊन बोल. ते बोलणं कसं करायचं हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

आधी डॉक्टरांची वेळ घे. तपासणीत काय निघालं ते मला कळव.

तुझी,
मावशी